पुसायचं नाही, बाजूला बांधायचं

बल्लारपूरच्या त्या गल्लीत संगणक दुरुस्तीची चार-पाच दुकानं होती आणि सगळ्यांकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. मशीन हळू चालते, फॉरमॅट मारा. व्हायरस आला, फॉरमॅट मारा. प्रिंट निघत नाही, फॉरमॅट मारा. गिऱ्हाइकांनाही त्याची इतकी सवय झाली होती की पायरीवर संगणकाचा डबा ठेवतानाच ते आपलं औषध आपणच सांगत. फक्त इब्राहीमभाईंच्या दुकानात तो शब्द काढला की वाद होई.

"फॉरमॅट मारून द्या जी."

"काऊन?"

"हँग होते."

"तुमचं डोकं दुखलं तर डोकं नवीन बसवता काय?"

गिऱ्हाईक बावचळून शेजारच्या टेबलाकडे बघे. तिथे सलमानभाई बसत. ते इब्राहीमभाईंचे आतेभाऊ आणि दुकानातले भागीदार. ते हसत हसत डबा आपल्याकडे ओढून घेत. "त्याईच्याकडं लक्ष नका देऊ जी. संध्याकाळी या, कोरी करकरीत करून ठेवतो." गिऱ्हाईक गेल्यावर म्हणत, "भाई, तू गिऱ्हाइकाले शिकवतो. मी गिऱ्हाइकाले टिकवतो."

दुकान मुळात घड्याळांचं. पुढच्या काचेच्या पेटीमागे इब्राहीमभाईंचे अब्बा, नसीमचाचा, डोळ्याला भिंग लावून बसत. मोबाइल आल्यापासून मनगटावरची घड्याळं कमी झाली होती. तरी ते सकाळी येऊन पेटी पुसत, भिंतीवरच्या घड्याळांना चावी देत आणि वाट बघत. संगणक मागच्या बाजूला. मी तेव्हा, म्हणजे २००७ साली, चंद्रपूरला पॉलिटेक्निक करत होतो. घर कुरखेड्याकडे, धानाच्या मुलखात. बल्लारपूरला खोली स्वस्त म्हणून इब्राहीमभाईंच्या घरामागची खोली घेतली होती आणि रोज जाऊन-येऊन करत होतो. वर्गात जे शिकवत त्याच्यापेक्षा त्या मागच्या टेबलापाशी जास्त कळे, म्हणून सुट्टीचा दिवस तिथेच जाई. माझ्या डोळ्यांसमोर हे सगळं घडलं, म्हणून लिहितो.

इब्राहीमभाईंना एक धाकटी बहीण. अदीबा. सातवीत असताना तिला मेंदूज्वर झाला आणि ताप उतरला तेव्हा नजर गेलेली होती. ती शाळेत मराठी माध्यमात शिकलेली. दहावी, बारावी मैत्रिणींनी वाचून दाखवलं त्याच्यावर काढली. मग मैत्रिणींची लग्नं झाली. बी. ए.ला तिनं मुक्त विद्यापीठातून नाव घातलं, तेव्हा घरात वाचून दाखवणारं कोणी उरलं नव्हतं. अम्मींना उर्दू यायचं, चाचांना घड्याळाच्या तबकडीवरचं. मराठी यायचं ते इब्राहीमभाईंना, आणि ते कामासाठी आठवड्यातले निम्मे दिवस माजरी, मूल, कुरखेडा असे फिरतीवर.

घरात कागदी पिशव्या चिकटवायचं काम चाले. गावातच कागदाचा कारखाना, त्यामुळे कागदाची कमतरता नव्हती, कापून उरलेले ताव गठ्ठ्यांनी मिळत. अदीबाचे हात त्या कामात अम्मींपेक्षा जलद. घडी, खळ, दाब, बाजूला. एकदा ती मला म्हणाली, "हेमराजभाऊ, दिवसभर कागदाले हात लावून राह्यली मी. अन् एकावरचंही काही वाचता येत नाई. हाय का नाई मजा?"

चंद्रपूरच्या एका अंधशाळेनं तिला शब्द दिला होता. पदवी घेऊन ये, सहायक शिक्षिका म्हणून घेतो. मुख्याध्यापक स्वतः घरी येऊन चहा पिऊन सांगून गेले होते. पदवीची मुदत मात्र ठरलेली होती. तेवढ्या वर्षांत सगळे पेपर काढले नाहीत तर नाव रद्द. शेवटची परीक्षा २००९च्या मे महिन्यात होती. त्या मेपर्यंत अदीबाला आपलं आपण वाचता आलं पाहिजे, एवढीच गोष्ट इब्राहीमभाईंच्या आयुष्यात होती. लग्नाचं विचारलं की ते म्हणत, "मेच्या नंतर."

वाचायला त्यांनी मशीनच लावली होती. एका कचेरीतून बाद झालेला जुना डबा, त्यावर लिनक्स, आणि लिनक्सवर एक फुकटचा बोलणारा प्रोग्राम. त्याला हिंदी यायचं, मराठी नाही. लिपी तीच, म्हणून तो मराठी पुस्तक हिंदीसारखं वाची. आवाज पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. अदीबानं त्याचं नाव ठेवलं मामू, कारण राजुऱ्याचे त्यांचे मामा असेच नाकात बोलत.

"मामू 'ज्ञान'ले 'ग्यान' म्हणते, भाई. मामू यूपीचा हाये."

"थांब, सुधरवतो."

"अन् 'चमचा'ले 'च्यमच्या' म्हणते. अन् 'बाळ' म्हणायचं तर 'बाल' म्हणते. बाल तर डोक्यावर राह्यते."

ते सुधारत गेले. उच्चारांचे नियम त्या प्रोग्रामच्या पोटात लिहिलेले होते, ते उघडून एकेक ओळ बदलायची, पुन्हा बांधायचा, ऐकायचा. एक नियम बदलला की दुसरीकडे तीन शब्द बिघडत, मग त्यांना अपवाद. अदीबा पिशव्या चिकटवता चिकटवता ऐके आणि मान हलवे. मी पुस्तकं टाइप करून देई. राज्यशास्त्र, इतिहास, मराठीचा नेमलेला भाग. मामू वाचायचा, ती ऐकायची. सवय होत होत ती इतक्या वेगानं ऐकू लागली की आम्हाला नुसती भुणभुण ऐकू येई आणि ती मध्येच हसे, म्हणजे काही तरी गमतीचं वाक्य होतं.

मग एक दिवस इब्राहीमभाईंनी त्याच मशीनवर प्रिंटरसाठी काही तरी नवीन टाकलं आणि मामू मुका झाला.

याचं कारण समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यातूनच निघतं. संगणकात एक प्रोग्राम दुसऱ्याच्या आधारावर चालतो. बोलणाऱ्याला आवाज काढणारा एक तुकडा लागतो, त्या तुकड्याला आणखी एक. हे तुकडे सगळ्यांचे सामाईक असतात. नवीन काही आलं की ते आपल्या सोयीनं सामाईक तुकडा बदलून टाकतं, आणि ज्याला जुनाच लागत होता तो बंद पडतो. काय बदललं ते शोधून सापडत नाही, कारण जुनं होतं तिथेच नवं बसलेलं असतं. इब्राहीमभाईंनी खूप शोधलं. शेवटी कंटाळून त्यांनीही तेच केलं जे सगळी गल्ली करते. फॉरमॅट मारला. त्यात मामूची तोवरची सगळी सुधारणा गेली. तेव्हापासून दुकानात तो शब्द चालेनासा झाला.

त्यानंतर त्यांना निक्स सापडलं. परदेशातल्या एका विद्यापीठात कोणी तरी संशोधन करून काढलेली ती पद्धत होती, आमच्याकडे कोणाला नावही माहीत नव्हतं. त्यांनी त्यावरचा लांबलचक इंग्रजी निबंध छापून आणला आणि माझ्या डिक्शनरीसकट मला बसवून घेतलं. मला ते वाचताना जो आनंद झाला तो अजून आठवतो. त्यात प्रत्येक प्रोग्राम आपल्या सगळ्या तुकड्यांसकट स्वतंत्र खोलीत राहतो. काही बदलायचं तर जुन्या खोलीला हात लावायचा नाही, शेजारी नवी बांधायची. बाहेरून जे सामान आणायचं त्याचा पत्ता लिहायचा आणि त्याची खूण लिहायची. खूण म्हणजे त्या सामानातूनच गणितानं निघणारी अक्षरं-आकड्यांची लांब ओळ. सामानात एक टिंब बदललं तरी खूण वेगळी येते आणि बांधकाम थांबतं. आणि सगळी मशीन कशी असावी हे एकाच फाइलीत लिहायचं. हे टाक, ते काढ, असे हुकूम लिहायचे नाहीत. वर्णन लिहायचं. मशीन ते वाचून स्वतःला बांधून घेते. नवी आवडली नाही तर सुरू होताना यादीतून कालची निवडायची.

नसीमचाचांना त्यांनी हे घड्याळाच्या भाषेत सांगितलं होतं. त्यांच्या घरात हिंदी चाले, पण मी असलो की सगळे मराठीवर येत.

"अब्बा, तुमी घड्याळ खोलता तेव्हा गिऱ्हाइकाचंच खोलता. एक दात तुटला का त्याचं घड्याळ गेलं. मी जुन्याले हातच लावत नाई. बाजूला दुसरं बांधतो. चाललं तर पट्टा त्याले लावतो. नाई चाललं तर पट्टा पुन्हा जुन्याले."

चाचांनी भिंग काढलं. "मग जुन्याचं काय करतो?"

"राहू देतो."

"सगळी जुनी राहू देतो?"

"हो."

"मग बसायचं कुठी, बेटा?"

सलमानभाई इतके हसले की त्यांच्या हातातला पेचकस पडला. पण प्रश्न खरा होता. त्या जुन्या डब्यातली डिस्क लहान होती आणि नव्या-जुन्या खोल्यांनी ती भरत जाई. मधूनमधून इब्राहीमभाई कुठल्याच यादीत न उरलेल्या जुन्या खोल्या काढून टाकत. त्यासाठी पद्धतीतच एक हुकूम होता.

मामू पुन्हा बोलू लागला. या वेळी पक्का. इब्राहीमभाईंनी मुद्दाम प्रिंटर टाकला, काढला, गाणी वाजवायचा प्रोग्राम टाकला, काढला. मामूवर ओरखडा नाही. वर्षभर दोघं भाऊ-बहीण उच्चार सुधारत बसले. वीज चार-पाच तास जाई, ती आली की बसायचं. एकदा तर मामूनं 'कुरखेडा' असं म्हटलं की माझ्या आईनं हाक मारल्यासारखं वाटलं. अदीबा म्हणाली, "आता मामू आपल्या झाडीपट्टीचा झाला. आता त्याचं लगन लावून द्या."

सुधारलेल्या मामूच्या सगळ्या फायलींचा एक गठ्ठा बांधून इब्राहीमभाईंनी तो एका फुकट जागा देणाऱ्या वेबसाइटवर चढवला. मी विचारलं, "घरातच ठेवा ना. फाइलीत घरचा पत्ता टाकला तरी चालते."

"घरचा पत्ता आपल्या घरातच चालते, हेमराज. मले अशी फाइल पाह्यजे का कोणी कुठी बसून तिच्यावरून मामू बांधन. चंद्रपूरच्या अंधशाळेत बांधन, गडचिरोलीत बांधन. मी असो का नसो."

मग त्यांनी पेन ड्राइव्हवरची आणि कामाच्या फोल्डरमधली सुटी प्रत पुसून टाकली. हे त्यांनी विसराळूपणानं केलं नाही, विचार करून केलं. त्यांचं म्हणणं, एक वस्तू दोन ठिकाणी ठेवली की चार महिन्यांनी दोन वेगळ्या वस्तू होतात, आणि खरी कोणती ते कळत नाही. आता खरी एकच. मशीनमधल्या खोलीत आहे, वेबसाइटवर आहे, आणि तिची खूण फाइलीत आहे. मला ते पटलं होतं. आजही त्यातलं कुठलं वाक्य चूक होतं ते बोट ठेवून सांगता येत नाही.

फाइल छापून त्यांनी तो कागद अंधशाळेला नेऊन दिला.

२००९च्या जानेवारीत, दुपारी वीज गेली आणि आली ती झटक्यानं आली. मामूच्या डब्यातून जळका वास आला. पॉवर सप्लाय गेला होता. घाबरण्यासारखं काही नव्हतं. इब्राहीमभाईंनी डबा दुकानात नेला, डिस्क सोडवली, कापडात गुंडाळून अब्बांच्या काचेच्या पेटीतल्या खणात ठेवली. तिथे कोणी हात लावत नसे. दुसऱ्या दिवशी आम्हाला कुरखेड्याला जायचं होतं, तिथल्या भातगिरणीचा संगणक बसवायला. परत आल्यावर मामूला नवा सप्लाय लावायचा होता.

आम्ही तिकडे असताना कोणाचं तरी मोठं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला आलं. चाचांना खण रिकामा हवा होता. त्यांनी कापडातली डिस्क काढून सलमानभाईंच्या टेबलावर ठेवली, बाकीच्या डिस्कांशेजारी. सगळ्या दिसायला सारख्याच. आणि सलमानभाईंना त्याच दुपारी एका शाळेच्या मशीनसाठी डिस्क हवी होती. गल्लीत रीत अशी की डिस्क लावून बघायची. विंडोजमध्ये काही दिसलं तर कोणाची तरी आहे. नाही दिसलं तर खाली, म्हणजे रिकामी, आहे. लिनक्सची डिस्क विंडोजमध्ये दिसत नाही.

आम्ही परतलो तेव्हा इब्राहीमभाईंनी खण उघडला. घड्याळाचा लोलक होता.

"अब्बा, इथली डिस्क?"

"सलमानच्या टेबलावर ठेवली ना."

सलमानभाई चहा गाळत होते. "कोणती? ती कापडातली? ती तर खाली होती भाई. काहीच नव्हतं तिच्यात. शाळेच्या मशीनले लावली, विंडोज टाकली, कालच घेऊन गेले."

इब्राहीमभाईंनी खण लोटून बंद केला. सलमानभाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गाळणी हातातच राहिली.

"अदीबाची होती?"

"हो."

"भाई, मी... मी तुले दुसरी देतो. नवीन देतो. डबल साइजची देतो."

मला वाटलं आता इब्राहीमभाई ओरडतील. ते नुसते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "चहा दे. मामू गेला नाई. मामूचं वर्णन हाय माझ्याकडं. म्हणून तर केलं ना हे सगळं."

आणि खरंच त्या दिवशी ते मजेत होते म्हटलं तरी चालेल. इतके दिवस जे सांगत होते ते दाखवायची वेळ आली होती. सलमानभाईंनी दिलेल्या मोठ्या डिस्कवर त्यांनी ती एक फाइल ठेवली आणि बांधायला सांगितलं. दुकानाच्या इंटरनेटवर सामान उतरायला लागलं. एकेक ओळ येई, खूण जुळे, पुढची. घरी अदीबाला सांगितलं, दोन-चार दिवसांत मामू येतो. ती म्हणाली, "नवीन कपडे घालून येऊ द्या त्याले."

सगळं आलं. एका ओळीवर थांबलं. मामूचा गठ्ठा त्या पत्त्यावर नव्हता.

पत्ता उघडून पाहिला. इंग्रजीत निरोप होता की आम्ही ही सेवा बंद केली आहे, इतकी वर्षं साथ दिल्याबद्दल आभार, तुमच्या फायली नेण्यासाठी वेळोवेळी कळवलं होतं. कळवलं असेल. ज्या ईमेलवर कळवलं तो इब्राहीमभाईंनी फक्त ती जागा घेण्यापुरता उघडला होता.

शाळेची मशीन आम्ही मागून आणली. विंडोजवर मुलांचे खेळ, वर्गाचे फोटो, सगळं मामूच्या अंगावर लिहिलेलं. खरवडून काही तुकडे निघाले. त्यात उच्चारांचे नियम नव्हते.

मग त्यांना अंधशाळा आठवली. "तिथं बांधला असन! त्याईच्या डिस्कवर असन!" ते मला घेऊन चंद्रपूरला गेले. गाडी चालवताना ते गात होते. मुख्याध्यापक रजेवर होते. मीराबाई नावाच्या कारकून बाईंनी खोली उघडून दिली. संगणक टेबलावर होता, त्याच्यावर प्लॅस्टिकचं फुलाफुलांचं आवरण, आवरणावर धूळ.

"चालू करता का जी हा?" इब्राहीमभाईंनी विचारलं.

"नाई जी. बिघडला तर? सर म्हणतात, शिकलेलं माणूस येईपर्यंत हात नका लावू." मग त्यांना काही तरी आठवलं. "पण तुमी दिलेला कागद जपून ठेवला हाये बरं. सरांनी सांगितलं होतं." त्यांनी कपाट उघडून तो कागद काढला. त्याला प्लॅस्टिकचं वेष्टन घालून आणलं होतं, म्हणजे ओला होऊ नये. इब्राहीमभाईंनी तो हातात घेतला, पूर्ण वाचला. वर्णन बरोबर होतं. खूण बरोबर होती.

"चांगला ठेवला," ते म्हणाले आणि परत दिला.

येताना गाडी मी चालवली.

आता करायला एकच गोष्ट होती. मूळचा, हिंदी बोलणारा मामू पुन्हा उतरवायचा आणि त्याला पुन्हा मराठी शिकवायचं. तो उतरवला. त्यानं 'ज्ञान'ला 'ग्यान' म्हटलं. अदीबा म्हणाली, "चालते. जसा हाये तसा द्या. मी समजून घेईन."

पण मामू शब्दाशब्दाला अडखळे. राज्यशास्त्राचं वाक्य ऐकताना तिला मनात दुरुस्त करून घ्यावं लागे, आणि वेग कमी केला की पुस्तक संपेना. मे जवळ येत होता. मी रोज थोडा वेळ वाचून दाखवू लागलो. अम्मी पिशव्या घेऊन समोर बसत. शेजारच्या इंदुताईंनी एक-दोनदा अम्मींना विचारलं की हा पोट्टा रोज काय वाचते एवढं. मग माझ्याच परीक्षा आल्या.

आणि इब्राहीमभाई? ते रोज बसत होते. पण उच्चार बसवायचं सोडून ते दुसऱ्याच गोष्टीच्या मागे लागले होते. आठवून आठवून नियम लिहीत, गठ्ठा बांधत, त्याची खूण काढत आणि फाइलीतल्या खुणेशी ताडून बघत. जुळत नसे. जुळणं शक्यच नव्हतं. एक स्वल्पविराम इकडेतिकडे झाला, एखादी ओळ वरखाली झाली, गठ्ठा बांधल्याची वेळ वेगळी पडली, तरी खूण वेगळी येते. हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

"इब्राहीमभाई, फाइलीतली खूण बदलून टाका ना. नवीन गठ्ठ्याची टाका. बांधून होईन."

"मग तो मामू नसन."

"नसू द्या. बोलन तरी."

ते माझ्याकडे वळले. डोळे लाल झाले होते. "हेमराज, ही खूण कशाची हाय? त्याचीच ना? तो होता म्हणून ही हाय. मी कुठीही काही शोधलं तर ही मले सांगन, हाच तो, नाई तर हा नाई. सांगते बरोबर. फक्त देत नाई."

पुढच्या दिवशीही ते तेच करत होते.

एप्रिलमध्ये एका दुपारी वीज नव्हती, सगळे अंगणात होते. अदीबा पिशव्या घडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "भाई, मले एक सांगा. तुमी माझ्यासाठी मामू बनवून राह्यले का मामूसाठी मामू बनवून राह्यले?"

इब्राहीमभाई उठून आत गेले. अम्मी तिला रागावल्या. अदीबानं पुढची पिशवी घेतली.

त्या दिवसानंतर त्यांनी खूण सोडली आणि उच्चारांना हात घातला. पण वर्षभराचं काम होतं, आणि या वेळी अदीबा शेजारी बसून मान हलवायला रिकामी नव्हती. ती ऐकलेलं मनात घोळवत होती, जेवढं ऐकलं तेवढं. तिनं परीक्षा दिली. तिच्या वतीनं लिहायला अकरावीतली एक मुलगी मिळाली होती. इतिहास निघाला, मराठी निघालं. राज्यशास्त्राचे दोन्ही पेपर राहिले. विद्यापीठाचं पत्र आलं, नाव कमी झाल्याचं. अंधशाळेनं जूनमध्ये दुसऱ्या कोणाला घेतलं. मुख्याध्यापकांनी फोन करून सांगितलं, वाईट वाटल्याचंही सांगितलं. खरंच वाटलं असेल.

मी त्याच वर्षी नागपूरला नोकरीला लागलो. पुढच्या दिवाळीत घरी जाताना वाट वाकडी करून बल्लारपूरला उतरलो. दुकानात चाचांची पेटी होती, चाचा नव्हते. ते उन्हाळ्यात गेले होते. इब्राहीमभाई सलमानभाईंच्या शेजारच्या टेबलावर होते. समोर एक बाई डबा ठेवून म्हणत होत्या, "फॉरमॅट मारून द्या जी." ते म्हणाले, "बसा. अर्धा घंटा लागन."

मला बघून ते उठले, एकदम जुन्यासारखे. "अरे, चल घरी. मामू झाला!"

घरी अदीबा दारात बसली होती. आवाजावरून तिनं मला ओळखलं. "या हेमराजभाऊ. नागपूरचे झाले आता तुमी. मोठे लोकं." हात चालूच होते, घडी, खळ, दाब. इब्राहीमभाईंनी आत मशीन सुरू केली. तो काळ्या पडद्यावरचा ओळखीचा तक्ता आला, खोल्यांची यादी, आता बरीच लांब. त्यांनी सगळ्यात वरची निवडली. मग मी टाइप केलेल्या राज्यशास्त्रातलाच एक उतारा लावला.

मामू बोलायला लागला. तोच डब्यातला आवाज. 'बाळ' बरोबर म्हणाला, 'चमचा' उताऱ्यात नव्हता, पण तोही बरोबर असणार. तिसऱ्या वाक्यात तो 'ग्यान' म्हणाला. पुढच्याच ओळीत पुन्हा.

मी अदीबाकडे पाहिलं.

"बरोबर बोलला ना?" इब्राहीमभाईंनी आतून विचारलं.

"हो भाई," अदीबा म्हणाली. "बरोबर." आणि चिकटवलेली पिशवी गठ्ठ्यावर ठेवून तिनं पुढचा कागद ओढला.